काचेच्या डोळ्यातले तीन डाग

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये सकाळी दहालाच पाय ठेवायला जागा उरली नव्हती. व्यासपीठावर पांढऱ्याशुभ्र कोटातले नेत्रगुरू एका आजीबाईंच्या डोळ्यासमोर तळहात धरून उभे होते. मागच्या स्क्रीनवर आजींच्या डोळ्याचा म्हणून एक नारिंगी गोळा झळकत होता आणि त्यात लाल डाग होते. तीन मिनिटांनी गुरूंनी हात काढला. यंत्र गुणगुणलं, गोळा पुन्हा उमटला आणि डाग गायब! टाळ्यांचा कडकडाट झाला, आजीबाई रडायलाच लागल्या.

"पेशींना हाक मारावी लागते, आजी! मी हाक मारतो, त्या ओ देतात. विज्ञान जिथे दमतं, तिथे माझा तळहात कामाला लागतो!"

मागच्या रांगेत फोटोवाली दातओठ खात बसली होती. नेत्रसंशोधन केंद्रात डोळ्यामागच्या पडद्याचे फोटो काढणं हे तिचं काम, म्हणून घरात तिचं हेच नाव पडलेलं. तिथला नवा कॅमेरा केसाएवढ्या रक्तवाहिन्याही टिपायचा आणि माणसाला काही जाणवायच्या आतच आजार पकडायचा. तीन महिन्यांपूर्वी त्यानं तिच्या सख्ख्या बहिणीचा आजार पकडला होता. ताई शिवणकाम करायची आणि तिला मधुमेह होता. दोन्ही डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या पाझरू लागल्या होत्या, उजव्यातल्या जास्त. डॉक्टरांनी लेझरची तारीख दिली आणि ताई गेली नेत्रगुरूंकडे.

"मला पहिल्या झटक्यात सुईत दोरा ओवता येतो, आणि तुझा कॅमेरा म्हणे डोळा आजारी!" ती म्हणाली होती. "गुरूंनी उजव्या डोळ्यावर हात ठेवला, डोळा गार पडला. हा बघ फोटो, एक डाग नाही."

गुरूची लबाडी इथेच होती. जो आजार रोग्याला जाणवतच नाही, तो बरा झाला म्हणायला अक्कल लागत नाही, निव्वळ निर्लज्जपणा पुरतो.

फोटोवालीनं कागद पाहताक्षणी सांगितलं होतं, "ताई, हा डावा डोळा आहे. हा पिवळा गोल बघ, इथून डोळ्याची नस मेंदूकडे जाते. तो नेहमी नाकाच्या बाजूला असतो, म्हणजे उजव्या डोळ्याच्या फोटोत उजवीकडे. इथे तो डावीकडे आहे. हा तुझा फोटोच नाही."

"तुझ्या पोटात दुखतंय," ताई म्हणाली आणि विषय संपला. लेझरची तारीख टळून गेली.

म्हणून आज फोटोवालीनं मामाला आणलं होतं. मामानं सारा जन्म लेथ मशीनवर काढला. तिशीतच लोखंडाचा कण उडून उजवा डोळा गेला होता. बसवलेला काचेचा डोळा इतका हुबेहूब होता, की त्याच्या जावयाला वर्षभर पत्ता लागला नव्हता.

"पुढचे कोण?" गुरूंनी विचारलं.

"मी!" मामा उठला. "उजवाच बघा, तोच त्रास देतो."

पहिल्या रांगेत ताई बसली होती. मामाला पाहून तिच्या भुवया वर गेल्या.

मामानं यंत्राला डोळा लावला. स्क्रीनवर नारिंगी गोळा उमटला. "तीन डाग!" गुरू गरजले. "अगदी सुरुवात आहे. नशीब तुमचं, वेळेत आलात!"

हॉलमध्ये लोक हळहळले. ताईचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. मामाचा तो डोळा काचेचा आहे हे त्या गर्दीत फोटोवाली सोडून फक्त तिलाच ठाऊक होतं.

तीन मिनिटं तळहात झाला. डाग गेले, टाळ्या झाल्या.

"काही जाणवलं?"

"पापणी गार पडली."

"वा! पेशी जाग्या झाल्या!"

"मग जरा जवळून बघा," मामा म्हणाला. त्यानं पापणी ओढली आणि काचेचा डोळा काढून गुरूंच्या त्याच चमत्कारी तळहातावर ठेवला.

गुरू एक पाऊल मागे सरकले. "चैतन्य... चैतन्य काचेतही असतं!"

"डागही असतात वाटतं?" मामानं विचारलं.

तोवर फोटोवाली व्यासपीठावर चढली होती. तिनं यंत्राचं मागचं झाकण उघडून लोकांना दाखवलं. आत एक दिवा होता, भिंग होतं आणि डोळ्यावर गार वारा सोडणारा छोटा पंखा होता. कॅमेरा नव्हताच. मग तिनं लोकांकडून 'बरे झाल्याचे' कागद मागून घेतले आणि टेबलावर शेजारी शेजारी मांडले. "बघा, रक्तवाहिनीचा हा वरचा फाटा सगळीकडे तसाच आहे. दोन माणसांच्या रक्तवाहिन्या अशा कधीच जुळत नाहीत. हा एकच फोटो आहे. त्यावर लाल ठिपके टाकले की तुम्ही आजारी, पुसले की बरे!"

"पण मला फरक पडलाय," एक गृहस्थ पुटपुटले. फोटोवालीला त्यांचा राग आला नाही. तिनं त्यांना केंद्राचा पत्ता लिहून दिला. गुरू मागच्या जिन्यानं कधी सटकले ते कोणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताईचा खरा फोटो निघाला. तीन महिन्यांत दोन्ही डोळ्यांत रक्तस्राव पडद्याच्या मध्यापर्यंत पोचला होता. "लेझरनं उरलेली नजर राखू," डॉक्टर म्हणाले. "गेलेली आणता येणार नाही. तेव्हा आला असतात तर ही वेळ आली नसती."

आता ताईच्या मशीनची सुई मामा ओवून देतो. एका डोळ्याचा माणूस दोन डोळ्यांच्या बाईला दोरा ओवून देतो, आणि ताई मान खाली घालून म्हणते, "दे इकडे."

तुमच्या घरी कोणी असा कागद आणला, तर त्या कागदाच्या पाया पडू नका. तोच डोळा दुसरीकडे तपासून घ्या आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवा. दिसतंय तोवर बघून घ्या.