खुराड्याच्या दाराची गाठ

"अठरा," दोरीमास्तर म्हणाले.

"सतरा," पाण्याची पातळी दाखवणारं यंत्र बसवायला आलेला माणूस म्हणाला.

विहिरीच्या कठड्याभोवती सगळी वस्ती जमली होती. मास्तरांनी दोरी वर ओढली आणि पुन्हा सोडली. टोकाचं लोखंड पाण्याला टेकलं तेव्हा लाल चिंधी बरोबर काठाशी आली. लाल चिंधी म्हणजे अठरावी गाठ, म्हणजे पाणी अठरा मीटर खाली गेलं. त्या दिवसापासून घरोघरच्या बोअरचे पंप दिवसाआड तासभरच चालवायचे, असा नियम पाच वर्षांपूर्वी सगळ्यांनी मिळून केला होता.

"जुनी दोरी आहे, चालायचंच," यंत्रवाला समजुतीने म्हणाला.

मास्तरांना ते झोंबलं. ते मूळचे पंप-मेकॅनिक. शाळेत शिकवणं सोडाच, शाळाही त्यांनी लवकरच सोडली होती. दर रविवारी दोरी सोडून पाणी मोजतात म्हणून लोकांनीच त्यांना मास्तर केलं. ते 'अठरा' म्हणाले की चाळीस घरांतले पंप बंद होत आणि कुणी 'का' म्हणून विचारत नसे. एवढी पत भल्याभल्यांना मिळत नाही.

घरी येऊन त्यांनी व्हरांड्यात दोरी पसरली. प्रत्येक मीटरला एक अशा गाठी त्यांनीच टेप लावून मारल्या होत्या. दर वेळी कोण मोजत बसणार, म्हणून ठरावीक गाठींना रंगीत चिंध्या बांधल्या आणि पुढे चिंध्यांवरच विसंबले. आता लोखंडापासून लाल चिंधीपर्यंत त्यांनी तीनदा मोजलं. गाठी सतराच भरल्या.

"काय हरवलंय?" बायकोने आतून विचारलं.

"एक गाठ."

"ती होय? खुराड्याच्या दाराला आहे."

मास्तर परसात गेले. खुराड्याचं दार त्यांच्याच दोरीच्या तुकड्याने बांधलेलं होतं आणि तुकड्याच्या टोकाला त्यांच्या हातची गाठ होती.

"लोखंडाकडचं टोक कुजलंच होतं," बायको म्हणाली. "कोंबड्या आणल्या तेव्हा कापलं. वजन परत नीट बांधून ठेवलं की मी. एवढ्या लांब दोरीतून वीतभर कापली तर काय बिघडलं?"

"वीतभर? मीटरभर आहे ही."

"बरं, मीटरभर."

कोंबड्यांना येऊन तीन वर्षं झाली होती. म्हणजे तीन उन्हाळे मास्तरांनी मीटरभर आधीच सगळ्यांचे पंप बंद करायला लावले होते. त्यात जास्त मार बसला तो मेहुण्याला, बायकोच्या धाकट्या भावाला. विहिरीला लागूनच त्याची फुलांची बाग होती आणि दर उन्हाळ्यात तिथला एक वाफा वाळायचा. यंत्रवाल्याने जुन्या दोरीची सबब तर आयती हातात दिली होती. पण मास्तरांनी दुपारी ताट तसंच बाजूला सारलं.

संध्याकाळी विहिरीपाशी सभा भरली. अध्यक्ष नर्सबाई तोंड उघडायच्या आत मास्तर उभे राहिले.

"दोरी एक मीटरने आखूड आहे. तीन वर्षं मी तुम्हाला चुकीचा आकडा सांगतोय. चूक माझी आहे."

"कापली मी," मागून बायको म्हणाली. "यांनी मोजली नाही. बोलणी निम्मी निम्मी द्या."

लोक हसले. मेहुणा मात्र हसला नाही.

"दाजी, त्याआधीची दोन वर्षं दोरी धड होती ना?"

"होती."

"तेव्हा आपण बरोबर अठराला पंप आवरले. तरी उन्हाळा संपायच्या आत विहीर आटली. त्या वेळी सगळे काय म्हणाले?"

सगळे म्हणाले होते की फुलवाला चोरून पंप चालवतो. मास्तर स्वतः दोनदा अवेळी त्याच्या पंपाला हात लावून, तो गरम आहे का, ते बघून आले होते.

नर्सबाईंनी चष्मा काढला. "आणि दोरी कापल्यापासून विहीर एकदाही आटली नाही. म्हणजे अठरा हा आकडाच चुकला होता. सतराच हवा होता."

"आपण पाच बैठका घेऊन जे जमलं नाही, ते कोंबड्यांनी केलं," कुणीतरी म्हणालं.

"म्हणजे मी चोर नव्हतो," मेहुणा हळूच म्हणाला.

"नव्हतास," मास्तर म्हणाले. "मी तुझ्या पंपाला हात लावून बघत होतो. माफ कर मला."

"माहीत होतं. पंपावर उमटलेलं तुमच्या बोटांचं ग्रीस मीच पुसायचो."

मेहुण्याने मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मग दोघेही हसले, पण मास्तरांचे डोळे भरून आले होते.

नवी मर्यादा सतरा ठरली. आकडा यंत्रच दाखवणार होतं, तेव्हा दोरी आता कपडे वाळत घालायला मोकळी झाली. बायको तर तेवढ्यासाठी लगबगीने घराकडे निघालीसुद्धा. खांबावरच्या छोट्या पडद्यावर सतरा दिसत होतं, तरी कुणी हललं नाही. बागेत मेहुणा पंपाच्या बटणावर बोट ठेवून उभा होता.

"आकडा मला दिसतोय, दाजी. पण तुम्ही सांगा."

मास्तरांचे हात रिकामे होते. सवयीने ते कठड्यावर वाकले आणि पाण्याकडे बघून म्हणाले, "सतरा."

मेहुण्याचा पंप बंद झाला. लोक घरोघर गेले, तसे एकेक पंप थांबू लागले. मास्तर तिथेच उभे राहून ऐकत होते. त्यांना प्रत्येक पंपाचा आवाज ओळखू येई. नर्सबाईंचा थांबला, त्यांच्या शेजाऱ्याचा थांबला. शेवटी एकच राहिला, कधीपासून दुरुस्तीला टेकलेला आणि सगळ्यांत जास्त खोकणारा. तो त्यांच्या स्वतःच्या घरचा होता. बायकोने तो बंद केला, तेव्हा मास्तर घरी निघाले.