तेलाचा थेंब

ईश्वरने लॅपटॉप उलटा करून टॉवेलवर ठेवला आणि मागचा पहिला स्क्रू सोडवून बरणीच्या झाकणात टाकला. तेजश्री शेजारी बसली होती. सकाळपासून तेच चाललं होतं. बटण दाबलं की पडदा उजळायचा आणि जरा वेळाने सगळं एकदम काळं व्हायचं. दुपारनंतर तर नुसता दिवा लागून विझत होता. बॅटरी काढून झाली, आतल्या खोलीतल्या प्लगला लावून झालं, समोर टेबलफॅनही ठेवून झाला.

"फॅनसमोर जास्त टिकला," ती म्हणाली.

"बघितलं मी."

त्याने दुसरा स्क्रू सोडवला. हत्यारांची पेटी त्याने मघाशीच माळ्यावरून काढली होती. तो कामाला होता तो मीरा रोडचा टीव्ही जुळवण्याचा कारखाना बंद पडल्यापासून ती तिथेच होती.

लॅपटॉप तेजश्रीच्या ऑफिसचा. अंधेरीची तिची कंपनी व्यापाऱ्यांना हिशोबाचं सॉफ्टवेअर विकायची आणि तेजश्री ते शिकवायची. सोमवारी पुण्यात एका मोठ्या गिऱ्हाइकाला ते दाखवायचं होतं. ते जमलं तर पुण्याची नवी शाखा तिच्याकडे येणार होती. ती ईश्वरला हे सांगायची तेव्हा तो मान हलवायचा आणि शनिवार-रविवार तू इकडे येशील ना, एवढंच विचारायचा.

गुरुवारी खंडेनवमी झाली होती. दरवर्षी वासंतीबाई, ईश्वरच्या आई, त्याचा मीटर आणि सोल्डरिंग आयर्न पाटावर मांडून पूजा करायच्या. यंदा त्यांनी पाटावर लॅपटॉप उघडा ठेवला. हळदकुंकू, झेंडूचं फूल, वर चांगली मूठभर अक्षता. शेजारच्या हंसाबेन बघायला आल्या आणि इसमें पिक्चर भी आता है क्या, म्हणून विचारू लागल्या. वासंतीबाई कौतुकाने म्हणाल्या, घर ज्याच्यावर चालतं त्याची पूजा. ईश्वर तेव्हा दारात चपला घालत होता. माझी पेटी काढू का, असं त्याने विचारलं होतं. राहू दे, त्या म्हणाल्या होत्या, उगाच धूळ पडेल.

"मी साहेबांना फोन करून येते," तेजश्री उठली. "कळवायला तर हवं."

नवघर रोडच्या पीसीओवर गर्दी होती. रविवारी सगळेच गावाकडे फोन लावत होते. तिचा नंबर उशिरा लागला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मशीन चालू झालं तर तूच जा, म्हणाले. नाहीतर तुझ्या शेजारच्या टेबलावरचा अभिनव त्याचं मशीन घेऊन पहाटे निघेल. रात्री जेवणाच्या आत मला सांग.

ती जिना चढून आली तेव्हा ईश्वर लॅपटॉप बंद करून स्क्रू परत लावत होता. शिलाई मशीनच्या तेलाची कुपी त्याच्या गुडघ्याशी होती. वासंतीबाई देवासमोर वाती वळत बसल्या होत्या.

"काय रे?" तेजश्रीने हळू आवाजात विचारलं. दोघंच असताना ती त्याला अरेतुरे करायची. सासूबाईंसमोर अहो. आता घाईत ते राहून गेलं.

"काय म्हणाले साहेब?"

"चालू झालं तर पुणं माझं. नाहीतर अभिनवचं."

ईश्वरचा हात थांबला. त्याने स्क्रूड्रायव्हर टॉवेलला पुसला. मग शेवटचा स्क्रू घट्ट बसवला.

"मदरबोर्ड गेलाय," तो म्हणाला.

"एकदा बटण दाबून बघू?"

"नको. आत शॉर्ट असेल तर तुझा सगळा डेटा जाईल. उद्या ऑफिसात तसाच दे."

तिने लॅपटॉप बॅगेत घातला. मग पर्स उचलून साहेबांना कळवायला पुन्हा जिना उतरली.

सोमवारी ऑफिसातल्या इंजिनियरने बटण दाबलं आणि पडदा उजळला. तो काळा पडायची वाट बघत ती तिथेच उभी राहिली. जेवणाची सुट्टी होईपर्यंत पडदा तसाच उजळलेला होता.

"मॅडम, याला काहीच झालेलं नाहीये," इंजिनियर म्हणाला. "पुण्याचा कंटाळा आला होता, तर सरळ सांगायचं ना."

दोन-तीन जण हसले. उघडून बघा, तिने सांगितलं. गरज नाही, तो म्हणाला. तिने पुन्हा सांगितलं, तेव्हा त्याने नाइलाजाने तळ उघडला आणि आतल्या छोट्या पंख्याकडे वाकून बघितलं.

"कुणीतरी साफ केलंय हे. ब्रश मारलाय, तेल दिलंय. एकच थेंब, कुठे ओघळ नाही." त्याने नखाने पातं फिरवलं. "हात चांगला आहे. कुठे दिला होता?"

पात्याच्या कडेला कुंकवाचा पुसट डाग होता. तेजश्रीने वाकून वास घेतला. तो वास घरी दिवाळीच्या आधी असायचा, वासंतीबाई पडद्यांना टिपा घालायला बसायच्या तेव्हा.

"कुठेच नाही," ती म्हणाली.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं नाही. अभिनवचा पुण्याहून फोन आला होता आणि केबिनमध्ये सगळे मोठ्याने बोलत होते.

ती घरी पोचली तेव्हा ईश्वर नुकताच जेवायला बसला होता. टॉवेल घडी होऊन दोरीवर गेला होता. हत्यारांची पेटी मात्र माळ्यावर गेली नव्हती. वासंतीबाईंनी ती कपाटाशेजारी ठेवून वर स्वच्छ फडकं घातलं होतं. बरणीचं झाकण ओट्याच्या कोपऱ्यात होतं. तेजश्रीने ते उचललं. आत अक्षतेचा एक दाणा होता, कुंकवाने लाल झालेला, एका बाजूने चेचलेला.

"काय म्हणाले गं ऑफिसात?" वासंतीबाईंनी विचारलं.

ईश्वरचा घास हातात राहिला.

"मदरबोर्डच गेला होता," तेजश्री त्याच्याकडे बघत म्हणाली. "तुम्ही म्हणालात तेच."

"बघ," वासंतीबाई वरणाची वाटी पुढे सारत म्हणाल्या. "त्या ऑफिसातल्यांना आज कळलं, याला कालच कळलं होतं. उगाच का मी म्हणते, हात आहे याच्याकडे."

त्या तूप आणायला आत वळल्या. तेजश्रीने वाकून तो दाणा ईश्वरच्या ताटात, मिठाच्या शेजारी ठेवला आणि हात धुवायला मोरीकडे गेली.

ती परतली तेव्हा ताटाच्या त्या बाजूला भात ओढलेला होता. वासंतीबाई त्याच्यावर तूप वाढत होत्या.