पिवळा बाण

"बाई, ती आली," घड्याळकाका म्हणाले आणि पुस्तक त्यांनी काउंटरवर ठेवलं.

"कोण आली?"

"ती. घरी." पुढचा शब्द सापडेना. त्यांनी मागे उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिलं.

"पुस्तकातली म्हातारी हो," सून म्हणाली. "तीनदा वाचलंय बाबांनी. दोन वर्षांत पहिलंच पुस्तक हे, शेवटपर्यंत नेलेलं. मला आपलं काही झेपलं नाही. आधी म्हातारा एकटाच बसलेला, मग घरात एकेक वस्तू उगवायला लागते. भूतबीत आहे की काय?"

काका हसले. अर्धाच चेहरा हसला, पण हसले.

बाईंनी पुस्तक उघडून पहिलं पान पाहिलं. बाण नव्हता.

वाचनालयातला चित्रकथांचा विभाग बाईंचा. त्या आल्या तेव्हा तिथे मुलांनी फाडलेल्या अंकांची एक रांग होती. आता चार कपाटं झाली होती. नवीन काय निघालंय ते शोधायचं, मागवायचं, आधी स्वतः वाचायचं आणि मगच वहीत 'कोणासाठी' या रकान्यात नाव घालायचं, ही त्यांची पद्धत. नर्सला चहाच्या सुट्टीत संपेल असं हवं. बस चालवणाऱ्याला ग्रहताऱ्यांचं, पण 'शाळेसारखं नको'. आणि घड्याळकाकांना शब्द नसलेलं. चाळीस वर्षं त्यांनी डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त केली. मग मेंदूतल्या एका गुठळीने त्यांची अक्षरं नेली. नजर तेवढी शाबूत राहिली. पाठोपाठ काकू गेल्या.

त्यांच्यासाठी हे पुस्तक शोधायला बाईंना आठ महिने लागले. पानावर एकच चित्र, शब्द एकही नाही, दोन्ही पुठ्ठ्यांवर तेच बंद दार. पुस्तक दूरच्या देशातलं, तिथे उजवीकडून उघडतात. अशा पुस्तकांच्या खऱ्या पहिल्या पानावर बाई पिवळ्या कागदाचा बाण चिकटवत. आजवर एकदाही चुकल्या नव्हत्या.

हे पुस्तक त्यांनी घरी नेलं होतं. आई गेल्यापासून जेवताना पुस्तक मिठाच्या बरणीला टेकवून वाचायची सवय लागली होती. गोष्टीत एक म्हातारं जोडपं होतं. पान उलटलं की घरातली एक वस्तू कमी. चष्मा, चपला, दुसरा कप. आणि त्याआधीच कधीतरी ती स्वतः. शेवटच्या पानावर म्हातारा आणि एक कप. बाईंनी ताट तसंच सारलं. सकाळी वाचनालयाचं दार उघडताच काका आले, आणि पुस्तक सरळ त्यांच्या हातात गेलं. बाण खणातच राहिला.

काकांनी ते जन्मभर उघडत आले तसं डावीकडून उघडलं. आधी एक कप. मग दोन. मग दाराशी चपला. शेवटच्या पानावर दोघं टेबलाशी बसलेली.

"काका," बाई म्हणाल्या, "या पुस्तकाचं जरा..."

"पुन्हा द्या," काका म्हणाले.

बाईंचा हात खणात होता. बाण बोटाला लागला होता. चुकीचं दिसलं की दुरुस्त केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. दुसऱ्यांनी उलटं लावलेलं पुस्तकही त्या जाता जाता सरळ करत.

"मिळेल ना पुन्हा?" सुनेने विचारलं. "की कोणी नंबर लावलाय?"

नंबर नर्सचा होता.

"नाही," बाई म्हणाल्या. "न्या. मी दुसरी प्रत मागवतेच आहे." आणि खण लावला.

दुसरी प्रत महिन्याने आली. बाईंनी तिला बाण चिकटवला. नर्सला देण्याआधी एक दिवस ती घरी नेली, बरणीला टेकवली आणि मुद्दाम डावीकडून उघडली.

एक कप. पान उलटलं. दोन कप. मग चपला. पुढच्या पानावर खिडकीत घडी करून ठेवलेला चष्मा. पण कुठलीच वस्तू बाईंना आलेली दिसेना. प्रत्येक वस्तू जाण्याआधीची दिसत होती. चष्म्याच्या पानाशी त्या थांबल्या. पुस्तक मिटलं, जेवण संपवलं, एक ताट होतं ते धुऊन पालथं घातलं.

शनिवारी काका मुदत वाढवून घ्यायला आले. पाचव्यांदा. सून बाहेर चपला काढत होती.

बाईंनी शिक्का उचलला आणि हळूच विचारलं, "आली का, काका?"

काकांनी शब्द शोधला. बाई थांबल्या, मागे रांग होती तरी थांबल्या.

"आली," ते म्हणाले. "आज जरा... उशीर केला."

बाईंनी पुढची तारीख मारली.