न झालेली लढाई

नवरा बायकोच्या मागून चालू लागला की बायकोने काय समजावं? पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये राहणाऱ्या संचिताने जे समजायचं ते समजून घेतलं होतं. निकेत फौजेतून दोन महिन्यांच्या रजेवर आला, तेव्हापासून तो एकदाही तिच्या बरोबरीने चालला नव्हता. भाजी आणायला निघालं तरी हा आपला दोन हात मागे, खाली मान घालून. ती थांबली की हाही थांबायचा. ओळखीचं कुणी भेटलं तर 'मी हिच्याबरोबर नाही' असं भासवायला बरं, दुसरं काय!

आणि आला तो माणूसच वेगळा. जेवताना गप्प, झोपेत दचकणारा. पाच वर्षांच्या सान्वीला बागेत सोडायचं म्हटलं की कपाळाला आठ्या. उजाडलं की "धावायला जातो" म्हणून बाहेर पडायचा तो दुपारी उगवायचा. एक दिवस संचिताने त्याचे बूट उलटे करून पाहिले. बूट लख्ख! पँटच्या दुमडीतून मात्र मूठभर रेती पडली आणि त्या रेतीला सुक्या मासळीचा वास. बूट न मळवता धावणारा नवरा तिने तरी ऐकला नव्हता. तिच्या मनात पाल चुकचुकली.

सासूबाईंच्या मनात ती आधीच चुकचुकत होती. विमलाबाईंना रत्नागिरीकडच्या चार वाड्यांत कुणाचं काय चाललंय ते इथे बसून कळायचं. पोटच्या मुलाचं तेवढं कळेना. "पाणी कुठेतरी मुरतंय हो," तांदूळ निवडता निवडता त्या म्हणाल्या. "लढाई झाली असती तर म्हटलं असतं, पोर काय काय बघून आलं असेल. पण झालीच नाही ना! मग याला झालं काय?"

खरंच होतं ते. गेल्या वर्षी संसदेवर हल्ला झाला, सैन्य सीमेकडे निघालं, निकेतची रजा रद्द झाली, तेव्हा अख्खी बिल्डिंग त्याला निरोप द्यायला खाली उतरली होती. शेजारच्या हंसाबेननी कुंकू लावून, तोंडात पेढा कोंबून बजावलं होतं, "इस बार छोड़ना मत, भाई!" पुढे कितीतरी दिवस पुरुषमंडळी टीव्हीसमोर बसून रोज संध्याकाळी लढाई जिंकत होती. उन्हाळा गेला, पाऊस गेला, लढाई काही लागेना. लोक कंटाळले, चॅनेल बदलून क्रिकेट बघू लागले. दिवाळीच्या सुमारास सैन्य मागे येणार अशी बातमी आली. आता निकेत जिन्यात दिसला की हंसाबेन हसून म्हणायच्या, "वॉर तो हुआ ही नहीं! पूरा साल आराम, ना?" निकेत नुसती मान हलवायचा. संचिताही हसायची. तिलाही तसंच वाटत होतं.

त्याच हंसाबेननी एक दिवस तिला दाराशी गाठलं. "बुरा मत मानना, पण माझ्या मिस्टरांनी बघितलं. तुमचा निकेत भाईंदरहून चौकच्या बसमध्ये चढला. रोज जातो म्हणे." आणि डोळे मोठे करून त्या थांबल्या. पुढचं बोलायची गरजच नव्हती.

चौक! उत्तनच्या पलीकडचं मच्छीमारांचं गाव. तिथे ना नातं ना गोतं. कोण असेल? कशी असेल? संचिताला रात्रभर डोळा लागला नाही. सान्वीला नाताळची सुट्टी होती. सकाळी निकेत बाहेर पडला तशी तिने लेकीला तयार केलं आणि त्याच्या मागची बस धरली. पोरीला मुद्दाम बरोबर घेतलं होतं. त्या बाईला एकदा बघू दे, कुणाचा बाप पळवतेय ते.

गावात घराघरावर नाताळचे कंदील लागले होते. किनाऱ्याजवळ एक म्हातारी अंगणात सुकट पसरत होती. संचिताने घसा खाकरून विचारलं, "इथे एक फौजी येतात का?"

"तो व्हय! तुजा घरवाला काय?" म्हातारीने, सरूबाईने, हातातली पाटी खाली ठेवली. सत्तरी ओलांडलेली, तोंडात दोनच दात. संचिताचा संशय क्षणभर बुचकळ्यात पडला, पण लगेच सावरला.

"घरात सून, मुलगी कोणी?"

"न्हाय गो, मी एकलीच हाय. तो रोज येतो. ओहोटी लागली का बूट काडून रेतीच्या कडंला उबा ऱ्हातो. पयले आठ दिवस पाय उचलला न्हाय. मला वाटला, जीव देतोय. म्हनून चाय देते न् नजर ठेवते."

म्हातारीने बोट दाखवलं. पाणी दूर गेलं होतं आणि ओली रेती सारवल्यासारखी गुळगुळीत पडली होती. तिच्यावर निकेतची फक्त चारपाच पावलं उमटली होती. शेवटच्या पावलावर तो उभा होता. एक पाय उचलायचा, हवेत धरायचा, परत जागच्या जागी ठेवायचा. हे कसलं खूळ? संचिता बघतच राहिली आणि तेवढ्यात सान्वी तिचा हात सोडून धावली. "पप्पा!"

"थांब!"

तो आवाज निकेतचा होता यावर संचिताचा विश्वास बसेना. सान्वी रेतीच्या मध्यावर खिळून उभी राहिली. संचिता पुढे झाली तर तो पुन्हा ओरडला, "तूही हलू नकोस!"

बापलेकीच्या मध्ये कोरी रेती होती. निकेतचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने पाऊल टाकलं. थांबला. दुसरं टाकलं. त्या थंडीत त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. सरूबाई सुकट विसरून हात जोडून उभी राहिली. शेवटी तो पोरीपाशी पोचला आणि त्याने तिला उचलून छातीशी धरलं. तिथून संचितापर्यंत सान्वीची इवली पावलं उमटलेलीच होती. त्याने त्या पावलांकडे पाहिलं, मग तो बाजूला झाला आणि कोऱ्या रेतीवरून चालत आला.

सरूबाईच्या ओट्यावर बसल्यावर तो बोलायला लागला.

"आम्ही तिकडे सुरुंग पेरले होते. शेतांमध्ये. लढाई होणार म्हणून. मग म्हणाले, होत नाही, आता काढा. पावसाने ते जागचे हलले होते. दिपेश पुढे, मी मागे, त्याच्या पावलावर पाऊल ठेवून. पुढच्याच्या पावलावर पाय पडला की मागचा वाचतो. मी वाचलो."

दिपेश! गेल्या खेपेला त्याच्याच घरचे लाडू निकेतने सान्वीसाठी आणले होते. संचिता म्हणाली, "आणि तुम्ही सांगितलंही नाहीत?"

"कुणाला सांगू? लढाई झालीच नाही ना!" तो सान्वीच्या केसांतून हात फिरवत राहिला. "आणि पुढचं सांगायची लाज वाटली. आलो त्या दिवशी तू आपल्या बिल्डिंगमागच्या प्लॉटमधून पुढे निघालीस. मी थांबलो. तुझं पाऊल पडू दिलं, मग त्यावर माझं ठेवलं. बागेत सान्वीला पुढे जाऊ दिलं. रोज तेच. तुम्हाला पुढे घालून मी मागून चालत होतो, संचिता. म्हणून इथे येतो. समुद्र रोज सगळ्यांची पावलं पुसतो. इथे मागून चालायची सोयच नाही."

संचिताला आधी रागच आला. आपल्याला पुढे घातलं, लेकराला पुढे घातलं! मग त्याचा घामाने भिजलेला शर्ट दिसला आणि तिला रडू कोसळलं. इतके दिवस ती एक बाई शोधत होती. बाई असती तर दोन शिव्या देऊन मोकळी तरी झाली असती.

दुपारी ते परतले. बिल्डिंगमागच्या मोकळ्या प्लॉटशी निकेत घुटमळला आणि मग स्वतःहून पुढे झाला. गॅलरीतून हंसाबेन ओरडल्या, "क्या भाई, आज लीडर बन गए?" संचिता हसली नाही. धुळीत निकेतची पावलं उमटत होती. त्यांवर नेमका पाय ठेवत ती चालली होती, हे तिचं तिलाही कळलं नव्हतं.

एवढ्यात सान्वीला बाजूच्या गवतात मांजराचं पिल्लू दिसलं. हात सोडवून ती तिकडे धावली.

"थांब!"

दोनतीन खिडक्या उघडल्या. विमलाबाई गॅलरीत आल्या. सान्वी एक पाय उचलून तशीच उभी राहिली आणि घाबरून बापाकडे बघू लागली. पण निकेत ओरडला नव्हता. तो वळून संचिताकडे बघत होता.