शेऱ्याचा रकाना

"पाहुणे येणार न्हाईत, रेणुकाबाई," हावगेप्पा उंबऱ्यातच थांबून म्हणाले. "सुसला तुम्हीच खाऊन घ्या."

श्रीदेवीनं हातातली चुरमुऱ्याच्या सुसल्याची परात खाली ठेवली. वय चौतीस, नौबादच्या शाळेत मास्तरीण. हुमनाबादच्या सिद्धराम मास्तरांचं स्थळ हावगेप्पांनीच आणलं होतं, आणि कितीतरी वर्षांनी तिला मनापासून वाटलं होतं, हे जमावं.

"कामून येणार न्हाईत?" तिच्या आईनं, रेणुकाबाईंनी विचारलं.

"पोरीचं लग्न झाल्यालं हाय, हे आधी सांगायचं असतं. कागदावर छापलंय तसं. मला तोंडावर पाडलाव तुम्ही."

त्यांनी खिशातून कागदाची घडी काढली. समाजातल्या लग्नाच्या मुलींची ती यादी होती. श्रीदेवीचा धाकटा भाऊ अनिलकुमार हैदराबादला पायथनमध्ये प्रोग्राम लिहायचा. त्यानंच समाजासाठी ही वेबसाइट केली होती. बटण दाबलं की सगळी यादी पीडीएफ होऊन हातात.

श्रीदेवीनं शेवटचा रकाना वाचला. शेरा: 'साखरपुडा मोडला, लग्न झालेलं'. पुढं कागदाची कड.

"पुढं 'नाही' हाय," ती म्हणाली.

पाहुण्यांसाठी घरी आलेला अनिल आतून लॅपटॉप घेऊन आला. पडद्यावर वाक्य पुरं होतं. जागा संपली की तिथं शब्द आपोआप खाली उतरत होते. पीडीएफमध्ये मात्र ओळ दुमडली नव्हती, सरळ कागदाबाहेर गेली होती.

"शेरा पॅराग्राफ करून टाकला की ओळ दुमडती, तेच राहिलं, अक्का. एवढंच." जोडाक्षरं नीट उमटावीत म्हणून तो महिनाभर झटला होता. छापून मात्र एकदाही पाहिलं नव्हतं.

पूर्वी ही यादी या भावंडांचे वडील, मायाप्पा, वहीत लिहायचे. रकाना भरला की त्यांची अक्षरं आडवी होऊन समासातून वर चढायची, मुंग्यांच्या रांगेसारखी. वही फिरवून वाचावी लागायची, पण वाक्य पुरं व्हायचं.

"मास्तरांला आत्ता फोन लावतो," अनिल म्हणाला.

"नगं." हावगेप्पांनी खाली पाहिलं. "काल औरादच्या पोरीसंगं सुपारी फुटली त्यांची."

रेणुकाबाईंनी सुसल्यावर ताट झाकलं.

"बाकीच्या पोरींचं?" श्रीदेवीनं विचारलं.

अनिलनं दुरुस्ती केली, यादी पुन्हा काढली. दोन्ही कागद शेजारी ठेवून श्रीदेवी ओळीवर बोट ठेवत गेली. आणखी नऊ जणींचा शेरा तुटला होता. कागदावर एकीच्या पायात व्यंग होतं, एकीचा घटस्फोट झाला होता. नऊही 'नाही' कागदाबाहेर राहिले होते.

"एवढं कोण वाचतंय?" हावगेप्पा पुटपुटले.

"मास्तरांनी वाचलं की."

"मी करतो फोन, अक्का," अनिल म्हणाला. "चूक माझी हाय."

"तू नंबर सांग. बायामाणसांसंगं मी बोलते."

पहिला फोन एका म्हातारीनं उचलला. श्रीदेवीनं सावकाश, वर्गात सांगावं तसं सगळं समजावलं. तुमच्या प्रतीक्षाच्या पायात काही दोष नाही, छापण्यात चुकलं, कुणी विचारलं तर हा नवा कागद दाखवा.

"बरं झालं बाई, सांगितलंस," पलीकडून आवाज आला. "तरीच लातूरचे परत आले न्हाईत. आन तू कोण बोलायलीस?"

श्रीदेवीनं यादीतल्या आपल्या ओळीवर बोट ठेवलं.

"मी छापणाऱ्याची बहीण," ती म्हणाली, आणि अनिलला पुढचा नंबर विचारला.