चौदा दिवसांची मुदत

"कानामात्रा, पान सोडताय ना? खाली छपाईवाले बोंबलतायत."

पान लावणारा दारातून ओरडला तेव्हा दुपारचे पावणेतीन झाले होते. कानामात्राने मान वर केली नाही. सातव्या पानाच्या तळाशी, बारीक टायपातल्या एका नोटिशीवर त्याचं बोट थांबलं होतं आणि ते काही केल्या पुढे सरकत नव्हतं.

त्याला खरं नाव होतं आणि दर महिन्याला ते पगारपत्रकावर येतही होतं. पण सत्तावीस वर्षं वर्तमानपत्राची मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला कचेरीने दुसरं काय म्हणायचं? पहिलं पान, खेळाचं पान हुशार लोक तपासत. याच्या वाट्याला कायमचं सातवं, म्हणजे जाहीर नोटिसांचं. अमुक घर विकायचं ठरलं आहे, कोणाची हरकत असल्यास कळवावी, असला मजकूर. या नोटिसा कोणी वाचू नयेत म्हणूनच छापतात, असं त्याचं पक्कं मत होतं. छापणं तर भाग आहे, मग सर्वांत कमी खपणारा पेपर शोधायचा. त्यात त्यांचा पेपर कोणाला हार जाणारा नव्हता.

तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पूर्वेस पाण्याची टाकी, पश्चिमेस सार्वजनिक जिना, दक्षिणेस लोहारकाम. मालकाच्या नावापर्यंत पोचण्याआधीच त्याने घर ओळखलं होतं. शिवणयंत्रावर तीस वर्षं मान मोडून अक्काने घेतलेलं हे घर. त्याची थोरली बहीण, त्याला उरलेलं एकुलतं एक माणूस.

पुढे लिहिलं होतं: मूळ खरेदीखत मालकाकडून गहाळ झाले आहे. चौदा दिवसांत पुराव्यासह लेखी हरकत न आल्यास कोणाचाही हक्क नाही, असल्यास तो सोडून दिला आहे, असे समजून व्यवहार पूर्ण केला जाईल.

गहाळ कसलं? ते खरेदीखत त्याच्या स्वतःच्या कपाटात, तळाच्या रजईखाली, उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं होतं. तीन वर्षांपूर्वी भर उन्हात अक्का ते घेऊन आली होती.

"तुझ्याकडे राहू दे. मी मागायला आले तरी देऊ नकोस."

"तू स्वतः मागितलंस तरी?"

"तेव्हा तर मुळीच नको," अक्का म्हणाली होती आणि तो खुळ्यासारखा हसला होता. आता त्याला हसू येत नव्हतं. नोटिशीत एक वेलांटी चुकली होती. त्याने ती सुधारली, खाली 'ठीक' लिहून सही केली आणि पान सोडलं. काम ते काम.

संध्याकाळी तो थेट अक्काकडे गेला. चार महिन्यांनी. फोन केला की सून म्हणायची, "झोपल्यात त्या," आणि हाही भोळा, एवढं कसं झोपते बाई, असा विचार करून गप्प बसायचा.

दार भाच्याने उघडलं. "या या मामा! आज वाट कशी चुकलात?"

आत भिंतीला लावून दोरीने बांधलेली खोकी रचली होती. शिवणयंत्राची जागा रिकामी होती. फरशीवर त्याच्या चार पायांचे ठसे तेवढे राहिले होते. अक्का खुर्चीत बसली होती. तिच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता आणि चष्म्याशिवाय तिला समोरचं माणूस कळत नसे, की हातातलं अक्षर.

"चष्मा कुठाय गं?"

"दुरुस्तीला दिलाय," भाच्याने उत्तर दिलं.

"कधी?"

"झाले दोनेक महिने. दुकानदार नुसता चालढकल करतो हो." भाचा गोड हसला. लहानपणी याच हसण्यावर मामाने त्याला कितीदा खांद्यावर घेऊन मिरवलं होतं. "मामा, मोठं घर बघतोय आम्ही. आईला वेगळी खोली. तोवर एका ठिकाणी तिची सोय केलीय. चांगली माणसं आहेत."

"कुठे?"

"आहे इथेच. तुम्ही नका काळजी करू."

"आणि घराचा कागद?"

"तो ना, हरवला. आईनेच कुठेतरी ठेवला. हो ना गं आई?"

"हो," अक्का म्हणाली. "हरवला." बोलता बोलता तिने भावाचा हात चाचपडून धरला आणि असा आवळला, की तिची नखं त्याला रुतली. मग तिने विचारलं, "जेवलास का रे?"

तो घरी आला तो ती नखं घेऊनच. हरकत लिहायची तर दहा ओळींचं काम. पण लिहायची कोणाविरुद्ध? ज्याला बोट धरून शाळेत पोचवलं त्याच्याविरुद्ध. रोज सकाळी तो कोरा कागद पुढे घ्यायचा आणि रोज ऑफिसची वेळ व्हायची. दुसऱ्याच्या मजकुरातली चूक त्याला लांबून दिसे. स्वतः एक वाक्य लिहायचं म्हटलं की पेन पुढे सरकत नसे. सहा दिवस गेले, मग नऊ. स्वतःला तो मनातल्या मनात शिव्या घालत होता आणि कागद कोराच राहत होता.

तेराव्या दिवशी, रविवारी सकाळी, दार वाजलं. भाचा अक्काला दंडाला धरून उभा होता. जिने चढून तिला धाप लागली होती.

"आईला आठवलं, मामा. कागद तुमच्याकडे ठेवला होता म्हणे." भाचा आत येऊन सरळ कपाटाला टेकून उभा राहिला. "बोल ना आई."

अक्का खाटेच्या कडेवर बसली. नजर कुठेच लागत नव्हती. पाठ केल्यासारखं ती म्हणाली, "दे रे तो कागद. मी स्वतः मागायला आलेय."

'स्वतः' या शब्दावर तिचा आवाज किंचित घट्ट झाला. भाच्याच्या ते लक्षात आलं नाही. याने मात्र तो नेमका टिपला.

"कोणता कागद?" तो म्हणाला. "तो तर गहाळ झालाय. पेपरात छापून आलंय. मी स्वतः तपासलंय, एक वेलांटी सोडली तर चूक नव्हती."

भाच्याचं हसणं गेलं नाही, फक्त डोळ्यांतून उतरलं. "मामा, आईला त्रास होतोय अशाने. तिची तब्येत माहितीये ना तुम्हाला?" त्याने कपाटाच्या मुठीवर हात ठेवला, खाली-वर करून पाहिली. कुलूप होतं. "बरं. तुमची मर्जी. चल आई."

"अक्का इथेच राहू दे चार दिवस," तो कसाबसा म्हणाला.

"तिच्या गोळ्या घरी आहेत," भाचा म्हणाला आणि अक्काला घेऊन जिना उतरू लागला. वळणावर ती थांबली, मागे वळली आणि भाऊ उभा असेल अशा अंदाजाने भलत्याच दिशेला बघत म्हणाली, "नीट राहा हं."

त्या दुपारी त्याने एका बैठकीत हरकत लिहून काढली.

चौदाव्या दिवशी त्याने सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा न कळवता रजा घेतली. ती नोटीस काढणाऱ्या, खरेदीदाराच्या वकीलबाई पन्नाशीच्या होत्या. त्यांनी मूळ खरेदीखत उजेडात धरून पाहिलं, शिक्के तपासले आणि चष्मा काढला.

"तुम्ही मालकांचे कोण?"

"भाऊ."

"घरावर तुमचा काही हक्क?"

"काही नाही. तिने सांभाळायला दिलं, म्हणून मी सांभाळलं."

वकीलबाईंनी फाइलमधून एक प्रतिज्ञापत्र काढून पुढे सरकवलं. खरेदीखत हरवल्याचं अक्काने लिहून दिलेलं. खाली सहीच्या जागी निळा अंगठा होता. त्याने त्या अंगठ्यावर बोट ठेवलं.

"बाई," तो म्हणाला, "मला बाराखडी हिने शिकवली. पाटीवर माझा हात धरून. मी ज्या अक्षरांवर पोट भरतो ती हिची आहेत. ही अंगठा कशाला देईल?"

"मला सांगितलं, त्या निरक्षर आहेत."

"तिचा चष्मा काढून घेतलाय हो!"

वकीलबाईंनी चष्मा परत लावला. त्यांनी हरकतीच्या प्रतीवर पोच दिली, शिक्का मारला, वेळ घातली. "व्यवहार आजपासून थांबला. पण मालकांना घेऊन या. मी त्यांच्याशी एकांतात बोलेन."

रस्त्यावर आल्यावर त्याला धावत सुटावंसं वाटलं. जन्मात पहिल्यांदा त्याने मोठी चूक पकडली होती, तीही छापून झाल्यावर. अक्काला सांगायचं, तुझं घर वाचलं. मग तिला घेऊन चष्म्याच्या दुकानात जायचं, आजच्या आज.

घराला कुलूप होतं. लोहाराने ऐरणीवरून मान वर केली. "सकाळीच नेलं म्हातारीला. एक पिशवी होती बरोबर. मला विचारत होती, उजाडलंय का म्हणून."

त्याने तिथेच उभं राहून भाच्याला फोन लावला. पलीकडून आवाज आला तो अगदी शांत. वकीलबाईंचा फोन त्याला आधीच गेला असावा.

"अक्का कुठाय?"

"तुम्ही कागद सांभाळा, मामा," भाचा म्हणाला. "आईला मी सांभाळतो."

त्यानंतर तो फोन कधी लागलाच नाही. सून माहेरी गेल्याचं कळलं. चौकीवरचा हवालदार म्हणाला, "मुलाबरोबर गेली म्हणता ना? मग हरवली कशी?" वकीलबाईंनी पत्रं लिहिली. त्याने पत्ते मिळवून अकरा वृद्धाश्रम पालथे घातले. तिथल्या खाटांवरच्या अकरा वेगवेगळ्या बायका त्याला आपला मुलगा समजल्या. उशीचा अभ्रा कपाटात जसाच्या तसा होता.

एका दुपारी सातव्या पानाचं मुद्रित त्याच्यापुढे आलं. पान लावणारा आज बोंबलला नाही, कोपऱ्यात उभा राहिला. खालच्या चौकटीत कानामात्राने स्वतः दिलेला मजकूर होता. लिहिताना नेहमीचाच साचा हाताला आला होता. दुसरं काही लिहिता येत नव्हतं त्याला.

तमाम लोकांस कळविण्यात येते की, माझी थोरली बहीण, वय बहात्तर, उंची बेताची, गहाळ झाली आहे. चष्म्याशिवाय दिसत नाही. शिवणकाम उत्तम. सही स्वतः करते, अक्षर वळणदार. कोणास आढळल्यास चौदा दिवसांत खालील पत्त्यावर कळवावे.

त्याने एकेक अक्षर बोटाखालून नेलं. कुठे काना, मात्रा, वेलांटी चुकली नव्हती. तरी त्याने पेन उघडलं, 'चौदा दिवसांत' या दोन शब्दांवर रेघ मारली आणि बाहेर समासात, अक्काने शिकवलेल्या गोल अक्षरात लिहिलं, 'मुदत नाही'.

मग खाली 'ठीक' लिहून सही केली आणि पान सोडलं.