दिवा मालवून पाहिलेला हिरा

मी एक जुना चिमटा आहे. निखारे उचलणारा नाही हां मित्रांनो, आणि भुवया उपटणाराही नाही. मी हिरे उचलणारा चिमटा. वीतभर लांबीची दोन पोलादी पाती, मागे जोडलेली, आणि पुढे चिमणीच्या चोचीसारखं निमुळतं टोक. टोकाला आतून बारीक खाचा. सगळी कमाई त्या खाचांची, बाकीचा मी नुसता दांडा.

मला घडवणारा माणूस तापट होता. टोकं जुळली नाहीत की चिमट्याला शिव्या द्यायचा, जुळली की शीळ घालायचा. माझ्या वेळेला त्याने शीळ घातली. माझ्या बारशाला एवढंच गाणं झालं.

तिथून मी गेलो हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या एका कारागिराकडे. बोलायला फटकळ, हाताला लोण्यासारखा. त्याने आपल्या मुलीला माझ्यावरच शिकवलं. "जोरात दाबलंस तर खडा उडेल, सैल धरलंस तर पडेल. मांजर पिल्लाला तोंडात धरतं ना, तसं धर," म्हणायचा. पोरीने पहिल्याच दिवशी खडा असा उडवला की बाप-लेक दोघं दुपारभर जमिनीवर रांगत होते. खडा सापडला बापाच्याच चपलेत. तीच पोर पुढे दुकान चालवायला लागली. गिऱ्हाइकं तिला ताई म्हणतात, तर मीही ताईच म्हणतो.

आता एक गंमत सांगतो. हिऱ्याला कंबर असते. वरचा भाग आणि खालचं पोट जिथे मिळतात, ती कड म्हणजे कंबर. मी हिऱ्याला तिथेच धरतो. त्यामुळे वरून राजबिंडा दिसणारा खडा कमरेत बेढब असला की मला लगेच कळतं. पण चिमट्याला विचारतंय कोण?

आणि कट, म्हणजे पैलू पाडण्याची मापं, तेही ऐका. चांगला कट असला की वरून आत शिरलेला उजेड खालच्या पैलूंवर आपटून पुन्हा वर येतो. उसनं घेतलं, परत केलं, असा चोख व्यवहार. पण पोट फार खोल किंवा फार उथळ असलं की उजेड खालून गळून जातो, फुटक्या बादलीतल्या पाण्यासारखा. मग हिरा मधोमध काळा पडतो, नाहीतर माशाच्या डोळ्यासारखा निस्तेज दिसतो. हे दुकानातल्या झगझगीत दिव्याखाली कळत नाही बरं का. तो दिवा महालबाड. त्याच्याखाली काचेचं बटणसुद्धा तोऱ्यात बसतं.

माझ्या आयुष्यात हिरे पुष्कळ आले नि गेले. एक जोडपं मात्र मी विसरलो नाही.

आजोबा बस चालवून निवृत्त झालेले, आवाज अजून इंजिनावर मात करणारा. आजी शिवणकाम करणाऱ्या, बारीक चणीच्या. त्यांच्या अंगठीतला खडा कपडे धुताना मोरीतून वाहून गेला होता. रिकामी अंगठी ताईसमोर ठेवून आजोबा म्हणाले, "मोठ्यातला मोठा दाखवा ताई. हिला हल्ली जरा कमी दिसतं. मोठा असला की दिसेल."

"काही कमीबिमी दिसत नाही मला," आजी म्हणाल्या. "तुमचंच काहीतरी."

ताईने पांढऱ्या कागदावर दोन खडे ठेवले. एक वजनदार, एक हलका. दिव्याखाली दोघंही पेटल्यासारखे लखलखले.

"मोठाच घ्यायचा!" आजोबा म्हणाले. "अगं, दिसतोय ना तुला?"

"दिसतोय की. छानच आहे."

ताईने खटकन दिवा बंद केला.

"अहो ताई, वीजबिल थकलंय का?" आजोबा ओरडले.

"घरी आजी काय दिव्याखाली बोट धरून बसणार आहेत? इकडे या, दारापाशी. साध्या उजेडात जो खडा जिवंत राहील तो आपला."

दारापाशी ताईने मोठा खडा माझ्या टोकात धरला. धरला कसला, त्याची कंबर एका बाजूला जाडजूड, दुसरीकडे पात्यासारखी धारदार. माझ्या खाचांत बसेचना. मला वर उचलता उचलताच तो निसटला आणि टपकन कागदावर पडला. मी वर गेलो तो रिकामाच.

तेवढ्यात आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगंबाई, काय चमकतोय! हाच घ्या हो."

मित्रांनो, त्यांना दिसत होतं ते माझं पोलादी टोक. उभ्या आयुष्यात मला मिळालेली ही एकच शाबासकी, आणि तेव्हा वाटलं, नसती मिळाली तर बरं झालं असतं.

आजोबा माझ्याकडे बघतायत, मग आजींकडे. मोठ्या आवाजाचा तो माणूस अगदी हळू म्हणाला, "अगं... चिमट्यात काही नाहीये."

आजींनी पदर उगाच सारखा केला.

"कधीपासून गं?"

"कधीपासून म्हणजे... हळूहळूच. तुम्हाला सांगितलं की तुम्ही जेवण सोडता."

"आणि माझ्या शर्टाचं बटण? परवा तर लावलंस!"

"शेजारची सून दोरा ओवून देते. टाके बोटं घालतात. बोटांना काय डोळे लागतात?"

आजोबा खाली बसले. खुर्ची होती म्हणून बरं, नाहीतर जमिनीवरच बसले असते. "मग हिरा कशाला घेतोय मी?" ते म्हणाले. "दिसणार नसेल तर कशाला?"

मला वाटलं, उठतील आता. पण ताई बापाची लेक. म्हणाली, "थांबा आजोबा. आता आजी निवडतील. तुम्ही मध्ये बोलायचं नाही. आणि आजी, तुम्ही खोटं बोलायचं नाही."

तिने मोठा खडा पुन्हा धरला, या वेळी नीट. माझ्यामागे काळं कापड टांगलं, माझं टोक चमकू नये म्हणून तळहाताच्या सावलीत घेतलं आणि मला हळूहळू डोलवलं.

आजींनी बराच वेळ पाहिलं. "नाही बाई. नुसता अंधार."

मग हलका खडा. त्याची कंबर सगळीकडे सारखी. मला धरायला सुख वाटलं. ताईने डोलवलं, आणि आजींची मान एकदम पुढे आली.

"थांब... काहीतरी हललं. परत कर. हा बघ! डोळा मारला मेल्याने!"

ताईने मला गुपचूप डावीकडे नेलं. आजींची नजर डावीकडे. उजवीकडे नेलं, नजर उजवीकडे. खाली नेलं, तर आजी लहान मुलीसारख्या हसायला लागल्या. "पळतोय कुठे?" म्हणत त्यांनी बोट पुढे केलं, ते बरोबर खड्यावर टेकलं.

आजोबांनी नाक पुसलं. तरी सवय जाते का? "पण लहान आहे ना हा," पुटपुटलेच.

ताईने दोन्ही खडे कागदावर शेजारी शेजारी ठेवले. "वरून बघा. तोंडाने दोघं सारखेच. मोठ्याचं वजन सगळं पोटात लपलंय. ते दिसतही नाही, चमकतही नाही."

"म्हणजे माझ्यासारखा," आजोबा म्हणाले, आणि पोटावरून हात फिरवला. तिघंही हसली.

हलका खडा अंगठीत बसवताना तो धरायला मीच होतो. तोपर्यंत आजोबा आजींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन आले होते. नजर गेली ती परत येणार नाही, पण आहे ती औषधाने टिकेल, असं डॉक्टर म्हणाले. अंगठी घ्यायला दोघं आली तेव्हा ताईने दिवा लावलाच नाही. आजोबांनी अंगठी आजींच्या बोटात घातली आणि त्यांचा हात हातात घेऊन दारापाशी नेला. मग "दिसतंय ना?" असं त्यांनी विचारलं नाही. "काय दिसतंय?" असं विचारलं.

आजींनी वेळ घेतला. "एक ठिणगी दिसतेय. सारखी उड्या मारतेय." मग थांबून म्हणाल्या, "अहो, तुमचा हात थरथरतोय. म्हणून एवढा चमकतोय हा."

आता ताईकडे नवे चिमटे आलेत. मी खणात पडून असतो, रबरबँड आणि संपलेल्या पेनांच्या संगतीत. कधी कुणी माझ्या टोकाने डब्याचं झाकण उचकटतं. तेवढं करू नका रे मित्रांनो, चोच वाकली की आमचं सगळंच संपलं. कोरड्या फडक्याने पुसा नि जागच्या जागी ठेवा.

आणि घरात कुणी "मला सगळं दिसतं" म्हणत असेल, तर त्यावर वाद घालू नका. हात धरून दारातल्या उजेडात न्या, आणि काय दिसतंय ते विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. तोवर हात सोडू नका.